ताप उतरला, तरी अजून उठायचं नाही



भात पोटरीत आलं की आपल्याकडे तापाचे दिवस सुरू होतात. पेणच्या आणि रोह्याच्या गटांतून सध्या एकच प्रश्न फिरून फिरून येतो आहे. कुणी सुनेबद्दल विचारतं, कुणी जावेबद्दल, पण मुद्दा तोच. "डेंग्यूत ताप होता तोवर माणूस बोलत-चालत होता. ताप उतरला आणि दुसऱ्या दिवशी दवाखान्यात ठेवायची वेळ आली. हे असं उलटं का होतं?"

प्रश्न अगदी बरोबर जागी बोट ठेवणारा आहे. आज आम्ही त्याच्यावरच बोलणार आहोत. थोडं शास्त्र सांगावं लागेल, पण ते आपल्या रक्तातलंच आहे, घाबरायचं कारण नाही.

आधी एक गोंधळ सोडवू. डेंग्यूचा पेशंट घरात असला की शेजारीण दारातूनच विचारते, "पेशी किती झाल्या?" कुणी म्हणतं पांढऱ्या पेशी उतरल्या, कुणी नुसतंच म्हणतं पेशी उतरल्या. रक्तात पेशी तीन तऱ्हेच्या असतात. लाल पेशी प्राणवायू वाहून नेतात. पांढऱ्या पेशी पहारा देतात. आणि प्लेटलेट, म्हणजे अगदी बारीक तुकडे, रक्तवाहिनीला भोक पडलं की तिथे जाऊन चिकटतात आणि बुच बसवतात. बारीक मोहरीच्या दाण्याएवढा रक्ताचा थेंब घेतला, तर त्यात लाल पेशी चाळीस-पन्नास लाख, प्लेटलेट दीड ते साडेचार लाख आणि पांढऱ्या पेशी चार ते अकरा हजार असतात. पहारेकरी सगळ्यांत कमी, हे लक्षात घ्या. या सगळ्या ज्या पाण्यात तरंगतात ते पिवळसर पाणी म्हणजे प्लाझ्मा. आजच्या गोष्टीत हे पाणी फार महत्त्वाचं आहे. लोक प्लेटलेटचा आकडा विचारतात, या पाण्याचं कुणी विचारत नाही.

मलेरियाचा जंतू लाल पेशीत शिरतो, हे आपण आरोग्य केंद्रातल्या भिंतीवरच्या चित्रात पाहिलं आहे. डेंग्यूचा विषाणू मात्र पहारेकऱ्यांच्याच घरात शिरतो. डास चावला की कातडीखाली ज्या पहाऱ्यावरच्या पेशी असतात, त्यांना तो आधी गाठतो. त्या पेशी आपल्या कामाप्रमाणे जवळच्या गाठीकडे, म्हणजे काखेतल्या किंवा जांघेतल्या अवधाणाकडे जातात. हा त्यांच्या पोटात बसून तिथे पोचतो आणि आणखी पांढऱ्या पेशींत शिरतो. चोराने पोलिसाच्याच गाडीत बसून चौकीत जावं, तसला प्रकार.

पण पेशी गप्प बसत नाही. आपल्या आत परकं काही शिरलंय हे तिला कळतं. मग ती एक रसायन बाहेर सोडते. त्याचं नाव इंटरफेरॉन. ते शेजारच्या पेशीला जाऊन सांगतं, "माझ्या घरात चोर शिरलाय, तू दारं लावून घे." शेजारची पेशी लगेच तयारीला लागते आणि विषाणूला वाढू न देणारी शेकडो प्रथिनं बनवते. १९५७ साली लंडनमध्ये आयझॅक्स आणि लिंडनमान या दोन शास्त्रज्ञांना हे पहिल्यांदा सापडलं, आणि सापडलं ते अंड्यात. उबवणीच्या अंड्यात पिलाभोवती जी पडदी धरते, तिचे तुकडे घेऊन त्यांनी त्यावर फ्लूचा मारलेला विषाणू टाकला. त्या तुकड्यांतून जो रस निघाला तो नव्या तुकड्यांना लावला, तर त्यांच्यात जिवंत विषाणूही नीट वाढेना. निरोप पोचला होता. कोंबड्या पाळणाऱ्या आपल्या बायांना ही गोष्ट आवडेल म्हणून मुद्दाम सांगितली.

आता हा निरोप पेशीच्या दारावर येऊन भागत नाही, तो आत गाभ्यापर्यंत जावा लागतो. विहिरीवर बायका ओळीने उभ्या राहून हंडा हातोहात पुढे देतात ना, तसा पेशीच्या आत तो निरोप एका प्रथिनाकडून दुसऱ्याकडे सरकतो. शास्त्रज्ञांनी त्या प्रथिनांना जॅक, स्टॅट अशी नावं दिली आहेत. नावं पाठ करू नका. पण एक गंमत ऐका, गंमत कसली, लबाडीच ती. डेंग्यूचा विषाणू त्या ओळीतल्या स्टॅट-२ नावाच्या एकीलाच नाहीसं करतो. हंडा मधेच पडतो. दारात निरोप आलेला असतो, पण आत कुणाला कळतच नाही. म्हणून पहिले काही दिवस विषाणू बिनबोभाट वाढतो.

वाढता वाढता मग शरीरात सगळीकडेच हाकाटी होते. पांढऱ्या पेशी आणखी निरोप सोडतात. त्यातले काही मेंदूपर्यंत जातात आणि मेंदू अंग तापवतो. तोच आपला ताप. सांधे, पाठ, डोळ्यांच्या मागे जे ठणकतं त्यातही या निरोपांचा मोठा हात आहे. म्हणजे ताप हा विषाणूने आणलेला नाही, तो आपल्याच शरीराने लावलेला आहे.

आणि आता तुमच्या प्रश्नाचं उत्तर. साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान ताप उतरतो. त्या वेळी रक्तातला विषाणू खरंच कमी होत आलेला असतो. पण तोवर पहारेकऱ्यांची मोठी फौज जागी झालेली असते आणि निरोपांचा नुसता गदारोळ चाललेला असतो. हे निरोप रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तरालाही लागतात. ते अस्तर म्हणजे एकमेकींना चिकटून बसलेल्या पेशींचा थर. निरोप मिळाला की त्या थोड्या सैल होतात. एरवी हे चांगलंच असतं, कारण त्या फटीतून पांढऱ्या पेशी दुखऱ्या जागी जाऊ शकतात. बोटाला काटा लागून बोट सुजतं ते यामुळेच. पण डेंग्यूत काही जणांचं हे अस्तर अंगभर सैल होतं. शिवाय विषाणू लागलेल्या पेशी एनएस-१ नावाचं एक प्रथिन रक्तात सोडतात, तेही अस्तराला इजा करतं, असं २०१५ सालच्या संशोधनात दिसलं. ताप आल्यावर पहिल्या चार-पाच दिवसांत जी "एनएस-वन" तपासणी करायला सांगतात ती याच प्रथिनाची.

मग रक्तातलं पाणी झिरपायला लागतं. पोटात जातं, छातीत फुप्फुसाभोवती जातं. बाहेर काही दिसत नाही. रक्त सांडत नाही, ताप नसतो, बाई म्हणते आता बरं वाटतंय. आत मात्र रक्त घट्ट होत जातं आणि नाडी हलकी पडते. हे झिरपणं साधारण एक ते दोन दिवस चालतं आणि मग आपोआप थांबतं. ते दोन दिवस सांभाळले तर बहुतेक सगळे बरे होतात. न सांभाळता गेले तर माणूस हातचं जातं. सगळ्यांनाच असं होतं असं नाही, बऱ्याच जणांचा डेंग्यू साध्या तापासारखा येऊन जातो. पण कुणाचा कसा जाईल हे पहिल्या दिवशी सांगता येत नाही.

आता आपल्या घरांत काय होतं ते बघा. पुरुष आजारी पडला तर ताप उतरल्यावरही दोन दिवस खाटेवर असतो, त्याला कुणी उठवत नाही. बाईचा ताप उतरला की ती चुलीपाशी. हमरापूर-जोह्याच्या गणपती कारखान्यांत रंगकामाला जाणारी असेल तर तिची रोजी बुडत असते. धाटावला कंपनीत कंत्राटावर असेल तर खाडे कापले जातात. शेतावर असेल तर बेणणी थांबलेली असते. म्हणजे नेमके जे दोन दिवस पडून राहायचे, पाणी प्यायचं, लघवीवर लक्ष ठेवायचं, तेच दोन दिवस ती उन्हात किंवा भट्टीपाशी उभी असते. घरातल्या सासूबाईंना, दीर-नवऱ्याला आम्ही हात जोडून सांगतो, ताप उतरल्यापासून दोन पूर्ण दिवस तिला उठवू नका. आणि ती स्वतः उठायला लागली तर रागवा.

ताप ज्या दिवशी आला तो दिवस भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा. डॉक्टर पहिलं विचारतात ते "कितवा दिवस?" आणि तिथे घरचे एकमेकांची तोंडं बघतात.

आता रिपोर्ट वाचण्याबद्दल. कागदावर प्लेटलेटचा आकडा सगळे शोधतात. तो पडतो हे खरं. हाडांच्या मगजात नव्या प्लेटलेट कमी बनतात आणि रक्तातल्या लवकर नष्ट होतात. पण बहुतेकांचा आकडा पाच-सहा दिवस पडून मग स्वतःच चढतो. सिंगापूर आणि मलेशियात साडेतीनशेहून जास्त डेंग्यू रुग्णांवर एक चाचणी झाली, २०१७ साली ती छापून आली. वीस हजारांच्या खाली आकडा गेलेल्यांपैकी निम्म्यांना प्लेटलेट चढवल्या, निम्म्यांना नाही. रक्तस्राव टळण्यात दोघांत फरक पडला नाही. म्हणून डॉक्टर "अजून चढवायची गरज नाही" म्हणाले तर त्यांच्याशी भांडू नका, आणि दागिने गहाण टाकून पिशव्यांच्या मागे मुंबईला धावायच्या आधी शांतपणे विचारा. पपईच्या पानांचा रसही असाच. तो प्यायल्यावर पेशी वाढल्या असं सांगणाऱ्या पुष्कळ भेटतील, पण त्या दिवसांत पेशी तशाही वाढतच असतात. अस्तरातून झिरपणारं पाणी त्या रसाने थांबत नाही. उलट कडू रसाने उलट्या झाल्या तर अंगातलं पाणी आणखी जातं.

प्लेटलेटच्या वर-खाली कुठेतरी त्याच कागदावर दुसरा एक आकडा असतो. एचसीटी किंवा पीसीव्ही असं लिहिलेलं असतं. रक्तात लाल पेशींचा भाग शेकडा किती, ते तो सांगतो. पाणी झिरपून गेलं की रक्त घट्ट होतं आणि हा आकडा चढतो. आमटी आटली की कशी दाट होते. आधीच्या आकड्यापेक्षा पाचव्या हिश्शाने चढला, म्हणजे शंभराला वीसने, तर पाणी झिरपतंय असं डॉक्टर धरतात.

आणि इथे आपल्या बायकांचा घात होतो. महाराष्ट्रात निम्म्याहून जास्त बायकांचं रक्त कमी आहे, सरकारच्याच पाहणीत ते आलंय. एचसीटीचा आकडा साधारण हिमोग्लोबिनच्या तिप्पट असतो. समजा एखादीचं हिमोग्लोबिन एरवी नऊ आहे, म्हणजे तिचा एचसीटी सत्तावीसच्या आसपास. डेंग्यूत पाणी झिरपलं आणि तो चौतीसवर गेला. कागदावर बाजूला छापलेलं असतं, बायकांसाठी छत्तीस ते शेहेचाळीस. चौतीस बघून कुणालाही वाटेल, जरासं कमी आहे, पण घट्ट वगैरे काही नाही. खरं तर तिचं रक्त पाचव्या हिश्शाहून जास्त घट्ट झालेलं आहे. तिचा आधीचा आकडा समोर नसेल तर डॉक्टरलाही ते कसं कळावं?

म्हणून आमचं एक सांगणं आहे. बचत गटाच्या वहीत शेवटचं एक पान ठेवा. प्रत्येकीचं नाव, तिचं हिमोग्लोबिन, जमलं तर एचसीटी, आणि तपासणीची तारीख. बाळंतपणातले कागद असतात, शिबिरातले असतात, ते पत्र्याच्या पेटीत तळाला पडलेले असतात. ते काढून आकडे उतरवा. ज्यांची तपासणी झालीच नाही त्यांनी आशाताईंना विचारून करून घ्या. ताप आला की त्या पानाचा मोबाईलवर फोटो काढून दवाखान्यात न्यायचा. फुकटचं काम आहे आणि एका बैठकीत होतं.

दुसऱ्यांदा डेंग्यू झाला तर तो जास्त वाईट का, असंही काही जणींनी विचारलं होतं. डेंग्यूचे विषाणू चार जातींचे आहेत. एका जातीचा होऊन गेला की त्याच्याविरुद्ध रक्तात प्रतिपिंडं तयार होतात आणि त्या जातीपासून आपण जन्मभर सुटतो. पण पुढे दुसऱ्या जातीचा आला तर ती जुनी प्रतिपिंडं त्याला नुसती चिकटतात, मारत नाहीत. आणि पांढऱ्या पेशींना तर प्रतिपिंडाचं शेपूट दिसलं की ते धरून आत ओढायची सवय. अशा तऱ्हेने विषाणूला आयतंच दार उघडून मिळतं. थायलंडमध्ये काम करणाऱ्या डॉ. हॅलस्टेड यांनी साठच्या दशकात हे ओळखलं. त्यांना दिसलं, की मोठ्या मुलांना दुसऱ्या खेपेला जोराचा डेंग्यू होतो, पण वर्षाच्या आतल्या बाळांना पहिल्याच खेपेला होतो. त्या बाळांच्या रक्तात आईकडून आलेली जुनी प्रतिपिंडं होती. क्यूबात १९७७ साली एका जातीची साथ आली, १९८१ साली दुसरीची. दुसऱ्या साथीत साडेतीन लाखांच्या आसपास लोक आजारी पडले आणि १५८ दगावले. लशीचं घोडंही इथेच अडलं होतं. फिलिपिन्समध्ये २०१६ पासून शाळकरी मुलांना एक लस दिली, आणि पुढच्या वर्षी कंपनीनेच सांगितलं की ज्यांना आधी कधी डेंग्यू झाला नव्हता त्यांना लशीनंतर तो जोराचा होऊ शकतो. आपल्याकडे २०२४ च्या ऑगस्टपासून भारतात बनलेल्या एका लशीची दहा हजारांवर लोकांवर चाचणी सुरू झाली आहे, तिच्यात चारही जाती धरल्या आहेत. निकाल हाती येईपर्यंत काही गृहीत धरायचं नाही.

म्हणून घरात कुणाला पूर्वी डेंग्यू झाला असेल तर तेही त्याच वहीत लिहा. पाचव्या दिवसानंतर रक्तातली प्रतिपिंडं बघणारी एलायझा नावाची तपासणी असते. तिचे संच पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेत बनतात आणि ठरवून दिलेल्या सरकारी रुग्णालयांना पाठवले जातात. १९५२ साली सुरू झालेली ही संस्था. १९७३ साली बार्शीला चिकुनगुन्याची साथ आली होती, तेव्हापासून आपल्या राज्यातल्या असल्या तापांचा माग ती काढते आहे.

आता धोक्याच्या खुणा. पोटात सारखं दुखणं, दिवसात तीन-चारदा उलटी, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, काळी शी, हातपाय गार पडणं, एकदम गळून जाणं किंवा उगाच बेचैन होणं, सहा तासांत लघवी न होणं. बायकांमध्ये आणखी एक, पाळी अवेळी येणं किंवा नेहमीपेक्षा फार जास्त जाणं. हे लाजेने सांगायचं राहून जातं, आणि दवाखान्यात पुरुष डॉक्टर असले तर हमखास राहतं. यातलं एकही दिसलं तर रात्र असली तरी थांबायचं नाही, १०८ ला फोन करायचा. गरोदर बाई, बाळ, म्हातारं माणूस, साखरेचा आजार असलेलं माणूस, यांना खुणांची वाट न बघताच दाखवायचं.

गोळी फक्त पॅरासिटामॉल, तीही सांगितली तेवढीच. अंगदुखीवर दुकानातून आणतो त्या आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, ॲस्पिरिनच्या गोळ्या नकोत. त्या प्लेटलेटचं काम बिघडवतात आणि पोटात रक्त सुटू शकतं. "एक सुई मारा" म्हणून डॉक्टरच्या मागे लागू नका. सलाईनचंही तसंच. झिरपणं थांबलं की बाहेर गेलेलं पाणी परत रक्तात येतं, आणि तेव्हा आधीच सलाईनच्या बाटल्यांवर बाटल्या गेलेल्या असतील तर छातीत पाणी भरतं. तोंडाने घेता येतंय तोवर पेज, मीठ घातलेलं ताक, नारळपाणी, जलसंजीवनी, घोट घोट करून दिवसाला दोन-अडीच लिटर जाऊ द्या. नुसतं साधं पाणी पुरत नाही.

आणि हो, प्रत्येक ताप डेंग्यूचा नसतो. चिखलात अनवाणी काम करून लेप्टोचा ताप येतो, त्याला वेगळी औषधं लागतात आणि ती लवकर लागतात. तेव्हा घरी बसून "डेंग्यूच आहे" असं ठरवायचं नाही. रक्त तपासायचं.

डासाचं सगळ्यांना पाठ आहे, म्हणून थोडक्यात. खारेपाटातल्या मैत्रिणींना आम्ही "पाणी साठवू नका" असं सांगणार नाही. नळाला पाणी कधी येईल याचा भरवसा नाही, टँकरची वाट बघावी लागते, मग पिंप भरून ठेवणार नाही तर काय करणार? पण पिंपावर जुन्या साडीचं फडकं दोरीने घट्ट बांधा, आणि आठवड्यातून एकदा पिंप रिकामं झालं की आतून काथ्याने घासा. नुसतं ओतून चालत नाही. या डासाची अंडी पाण्याच्या काठावर भिंतीला चिकटतात आणि कोरडी पडली तरी कित्येक महिने टिकतात. कारखान्यांच्या मागे उघड्यावर टाकलेले साचे, ताडपत्रीचे खळगे, रोह्याकडे घरामागे पडलेले कंपनीतले जुने ड्रम, तिथेही एकदा नजर टाका. हा डास दिवसा चावतो. म्हणून घरात तापाचा माणूस असेल तर त्याला पहिले पाच-सहा दिवस भर दुपारीसुद्धा मच्छरदाणीत झोपवा. त्याला चावलेला डास आठ-दहा दिवसांनी घरातल्या दुसऱ्याला डेंग्यू देऊ शकतो.

वहीतलं पान ज्या गटांनी भरलं असेल त्यांनी पुढच्या महिन्याच्या बैठकीला ते घेऊन या. किती जणींचं हिमोग्लोबिन दहाच्या खाली आहे ते मोजू, आणि तो आकडा घेऊन आरोग्य केंद्रात जाऊन लोहाच्या गोळ्यांचं बोलू.